प्रकाशविद्युत परिणाम : समीकरणाचा स्वीकार आणि प्रकाशपुंजाचा नकार

प्रस्तावना

पदवी वर्गाच्या भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत प्रकाशविद्युत परिणामाची हकिगत बहुधा एका ठरावीक क्रमाने येते. धातूच्या पृष्ठभागावर योग्य प्रकाश पडला असता त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यांची कमाल ऊर्जा प्रकाशाच्या तीव्रतेवर नव्हे, तर कंप्रतेवर अवलंबून असते, असे लेनार्ड यांना आढळले. तरंगसिद्धांताला याचा उलगडा होईना. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये प्रकाशपुंजाची कल्पना मांडून तो केला, मिलिकन यांनी १९१६ मध्ये प्रयोगाने तो सिद्ध केला आणि आइन्स्टाइन यांना १९२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या हकिगतीतील सन बरोबर आहेत आणि नावेही बरोबर आहेत. घटनांना जोडणारे दुवे मात्र बरेचसे मागाहून बसविलेले आहेत. कंप्रता आणि इलेक्ट्रॉनची ऊर्जा यांच्यातील सरळ रेषेचा संबंध १९०५ पर्यंत कोणीही मोजलेला नव्हता. मिलिकन यांनी समीकरण खरे ठरविले, पण ज्या कल्पनेतून ते निघाले होते ती कल्पना त्यांनी त्याच निबंधात नाकारली. स्वीडिश अकादमीने पारितोषिक दिले ते नियमाच्या शोधाला. प्रकाशपुंजाचा उल्लेख मानपत्रात नाही. समीकरण प्रयोगात उतरणे आणि त्यामागील कल्पना मान्य होणे या दोन वेगळ्या घटना होत. आइन्स्टाइन यांच्या निबंधापासून ती कल्पना सर्वसाधारणपणे मान्य होईपर्यंत वीस वर्षे गेली. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने या वीस वर्षांचा मागोवा घेतला असून, त्याआधीचा व नंतरचा इतिहास त्यासाठी आवश्यक तेवढाच दिला आहे.

ठिणगीपासून इलेक्ट्रॉनपर्यंत

जर्मनीतील कार्ल्सरूह येथे हाइन्रिख हर्ट्झ हे १८८६ च्या सुमारास मॅक्सवेल यांच्या विद्युत् चुंबकीय सिद्धांताची प्रायोगिक परीक्षा करीत होते. प्रवर्तन वेटोळ्याला जोडलेल्या धातूच्या दोन गोळ्यांमध्ये एक ठळक ठिणगी पडे. काही अंतरावर ठेवलेल्या दुसऱ्या मंडलातील बारीक फटीत तिच्या प्रभावाने दुसरी, अगदी क्षीण ठिणगी उमटे. ही दुसरी ठिणगी नीट दिसावी म्हणून हर्ट्झ यांनी तिच्याभोवती काळोखी पेटी बसविली, तेव्हा ठिणगी आखूड झाली. निरीक्षण सोपे व्हावे म्हणून केलेल्या सोयीनेच निरीक्षण बदलले. दुसऱ्या एखाद्याने पेटी दूर करून मूळ काम पुढे चालविले असते. हर्ट्झ यांनी मूळ काम बाजूला ठेवून काही महिने या एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला. पेटीची जी बाजू पहिल्या ठिणगीच्या समोर येते, तीच अडसर ठरते, असे त्यांना दिसले. काच परिणाम रोखून धरते, क्वार्ट्झ रोखत नाही. क्वार्ट्झच्या लोलकाने पहिल्या ठिणगीचा प्रकाश पसरवून पाहिला असता, परिणाम घडविणारा भाग वर्णपटाच्या जांभळ्या टोकापलीकडे, जंबुपार क्षेत्रात असल्याचे आढळले. १८८७ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपपत्ती मांडण्याचा यत्न न करता ते विद्युत् चुंबकीय तरंगांच्या कामाकडे परतले.

प्रकाशाचे तरंगरूप ज्या प्रयोगमालेने पक्के केले, तिच्यातच त्या रूपाला पुढे मर्यादा घालणारी घटना प्रथम दिसली, असे वारंवार लिहिले जाते. ते खरे आहे. पण हर्ट्झ यांना या दोहोंत विरोध दिसला नाही, आणि तसा तो दिसण्याचे कारणही १८८७ मध्ये नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोध लागण्यास अजून दहा वर्षांचा अवधी होता. तो लागण्यापूर्वीच, १ जानेवारी १८९४ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी हर्ट्झ यांचे निधन झाले.

१८८८ मध्ये व्हिल्हेल्म हालवाक्स यांनी ठिणगीची गुंतागुंत दूर केली. घासून लख्ख केलेली जस्ताची पट्टी त्यांनी सुवर्णपत्र विद्युत् दर्शकाला जोडली आणि तिच्यावर आर्क दिव्याचा प्रकाश टाकला. पट्टीवर ऋण प्रभार असेल तर तो झपाट्याने नाहीसा होई. धन प्रभार असेल तर तसे घडत नसे. म्हणजे प्रकाशामुळे पट्टीतून जे काही बाहेर पडते, ते ऋण प्रभाराचे आहे. याच सुमारास इटलीत ऑगुस्तो रिघी आणि मॉस्को विद्यापीठात आलेक्सांदर स्तलेतोव्ह यांनी या परिणामाचा अभ्यास चालविला होता. विद्युत् प्रवाह हा प्रकाशाच्या तीव्रतेच्या प्रमाणात वाढतो, हे स्तलेतोव्ह यांच्या मोजमापांतून दिसून आले.

या टप्प्यावरील दोन नावे अध्यापकवर्गाला जवळची वाटावीत. यूलिउस एल्स्टर आणि हान्स गायटेल हे दोघे व्होल्फनब्यूटल या लहानशा गावातील शाळेत शिकवीत आणि उरलेल्या वेळात एकत्र संशोधन करीत. सोडियम व पोटॅशियम या धातूंवर जंबुपारच नव्हे, तर साधा दृश्य प्रकाश टाकूनही परिणाम घडतो, हे त्यांनी १८८९ च्या सुमारास दाखविले. हे धातू हवेत क्षणात काळवंडतात, म्हणून त्यांनी ते निर्वात केलेल्या काचेच्या फुग्यात बंद केले. पुढे जगभर वापरल्या गेलेल्या प्रकाशविद्युत घटाचे हे आद्य रूप होय. पाठ्यपुस्तकांत या जोडीचा उल्लेख क्वचितच आढळतो.

बाहेर पडणारे कण कोणते, या प्रश्नाचे उत्तर १८९९ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी दिले. जंबुपार प्रकाशामुळे सुटणाऱ्या कणांचा प्रभार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर त्यांनी मोजले. दोन वर्षांपूर्वी ऋण किरणांतील कणांसाठी मिळालेल्या गुणोत्तराशी ते जुळले. प्रकाश धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो, हे विधान याच वेळी प्रथम अर्थपूर्ण झाले.

लेनार्ड यांचे निरीक्षण आणि त्यांची उपपत्ती

फिलिप लेनार्ड हे बॉन येथे हर्ट्झ यांचे सहायक होते. १९०२ मध्ये कील येथे प्राध्यापक असताना त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यामुळे या विषयाला वेगळे वळण मिळाले. निर्वात नळीत एका धातूच्या पट्टीवर आर्क दिव्याचा प्रकाश टाकावयाचा, समोरच्या पट्टीला ऋण विभव देऊन येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना विरोध करावयाचा आणि कोणत्या विभवाला प्रवाह पूर्णपणे थांबतो ते पाहावयाचे, अशी त्यांची रीत होती. या रोधक विभवावरून सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनची ऊर्जा कळते. लेनार्ड यांनी प्रकाशाची तीव्रता सुमारे हजार पटींच्या मर्यादेत बदलली. इलेक्ट्रॉनांची संख्या त्या प्रमाणात बदलली. रोधक विभव मात्र जागचा हलला नाही.

आज हे वाचताना तरंगसिद्धांत येथेच कोसळला असे वाटते. लेनार्ड यांना तसे वाटले नाही, आणि यात त्यांची बुद्धी तोकडी पडली असे म्हणता येत नाही. त्यांच्या मते इलेक्ट्रॉन अणूच्या आत आधीपासूनच वेगाने फिरत असतो. प्रकाशाच्या कंपनांशी त्याचे अनुस्पंदन जुळले की तो सुटतो आणि स्वतःचाच वेग घेऊन बाहेर येतो. प्रकाश येथे बंदुकीचा चाप ओढणाऱ्या बोटासारखा आहे; गोळीची ऊर्जा बोटातून येत नाही. बोट जोराने ओढले म्हणून गोळी अधिक वेगाने जात नाही, त्याचप्रमाणे प्रखर प्रकाशामुळे इलेक्ट्रॉनचा वेग वाढत नाही. ही उपपत्ती तीव्रतेसंबंधीच्या निरीक्षणाला चपखल बसत होती, तरंगसिद्धांताला धक्का लावीत नव्हती आणि अणूच्या अंतरंगाचे काही दर्शन घडेल अशी आशाही दाखवीत होती. पुढची काही वर्षे अनेक भौतिकीविदांनी ती ग्राह्य मानली, ती याच गुणांमुळे.

कंप्रतेबाबत लेनार्ड यांचे काम अपुरे होते. प्रकाशाचा प्रकार बदलला की इलेक्ट्रॉनांचा वेग बदलतो, हे त्यांना दिसले होते. परंतु त्यांचा प्रकाश निरनिराळ्या कंप्रतांचे मिश्रण होता, आणि कंप्रता व ऊर्जा यांच्यात नेमका कोणता संबंध आहे, ते त्यावरून ठरविता येण्यासारखे नव्हते. फळ्यावर सरळ रेषेचा आलेख काढून त्याखाली लेनार्ड यांचे नाव लिहिले जाते तेव्हा पुढच्या काळातील मोजमापे मागच्या काळात ढकलली जातात.

१९०५ चा निबंध

बर्न येथील पेटंट कार्यालयात तृतीय श्रेणीचे तांत्रिक तज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १७ मार्च १९०५ रोजी आपला निबंध पूर्ण केला. तीन दिवसांपूर्वी त्यांना २६ वर्षे पूर्ण झाली होती. प्रकाशाची निर्मिती व रूपांतर यांकडे पाहण्याचा एक मार्गदर्शक दृष्टिकोन, अशा आशयाचे त्याचे शीर्षक आहे. त्या वर्षीच्या त्यांच्या निबंधांपैकी याच एकाला त्यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात क्रांतिकारक म्हटले होते. सापेक्षतेच्या निबंधाला ते विशेषण त्यांनी लावले नव्हते.

हा निबंध प्रकाशविद्युत परिणामावर लिहिलेला आहे असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात त्याच्या नऊ प्रकरणांपैकी केवळ आठवे प्रकरण त्या परिणामाविषयी आहे. निबंधाचा गाभा निराळा आहे. बंदिस्त पोकळीतील प्रारणाचे आकारमान बदलले असता त्याची एन्ट्रॉपी कशी बदलते, याचा हिशेब आइन्स्टाइन यांनी मांडला. उच्च कंप्रतेच्या विरळ प्रारणासाठी मिळालेले सूत्र परस्परांपासून स्वतंत्र कणांच्या वायूच्या सूत्रासारखेच निघाले. असे प्रारण, उष्णतेच्या दृष्टीने, जणू स्वतंत्र ऊर्जापुंजांचे बनलेले असावे असे वागते, हे त्यांचे प्रतिपादन होते. प्रत्येक पुंजाची ऊर्जा प्रकाशाच्या कंप्रतेच्या प्रमाणात असते. प्लँक यांनी १९०० मध्ये ऊर्जेचे तुकडे कल्पिले होते ते प्रारणाशी देवाणघेवाण करणाऱ्या आंदोलकांच्या बाबतीत. मोकळ्या अवकाशातून जाणारा प्रकाशच पुंजांचा आहे, असे प्लँक यांनी म्हटले नव्हते आणि पुढे बराच काळ त्यांना ते मान्यही नव्हते.

आठव्या प्रकरणात या कल्पनेची एक चाचणी सुचविली आहे. एक पुंज आपली सारी ऊर्जा एकाच इलेक्ट्रॉनला देतो, असे धरले तर इलेक्ट्रॉनची कमाल ऊर्जा म्हणजे पुंजाच्या ऊर्जेतून धातूबाहेर पडण्यासाठी खर्च होणारे कार्य वजा करून उरलेली ऊर्जा. या खर्चाला पुढे कार्यफलन हे नाव मिळाले. आइन्स्टाइन यांच्याजवळ त्या वेळी आकडे थोडेच होते. सूर्यप्रकाशाच्या जंबुपार सीमेवरील कंप्रता घेऊन आणि धातूतील खर्च वगळून त्यांनी रोधक विभवाचे मूल्य काढले, ते ४.३ व्होल्ट आले. लेनार्ड यांच्या निरीक्षणांशी ते केवळ आकाराच्या मानाने जुळते, एवढाच दावा त्यांनी केला. पण निबंधात एक स्पष्ट भाकीत होते : रोधक विभव व कंप्रता यांचा आलेख सरळ रेषा येईल आणि तिचा उतार धातूच्या जातीवर अवलंबून असणार नाही. ज्या मोजमापाचा निबंधाला आधार असल्याचे सांगितले जाते, ते मोजमाप निबंधाने पुढील पिढीपुढे काम म्हणून ठेवले होते.

नकाराची कारणे

प्रकाशपुंजाला झालेल्या विरोधाला सनातनीपणा म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण ते इतिहासाला धरून नाही. तरंगसिद्धांतामागे व्यतिकरण आणि विवर्तन यांच्या शंभर वर्षांच्या मोजमापांचा आधार होता. एच. ए. लोरेन्ट्स यांनी दुर्बिणीचे उदाहरण घेऊन आक्षेप घेतला होता. भिंगाचा व्यास वाढविला की ताऱ्याची प्रतिमा अधिक रेखीव होते. याचा अर्थ प्रकाश भिंगाच्या संपूर्ण पृष्ठभागातून एकाच वेळी जातो असा होतो. मग पुंज तेवढा मोठा मानावा लागेल, आणि तेवढा मोठा पुंज डोळ्याच्या लहानशा बाहुलीत शिरणार कसा? १९०९ मध्ये केंब्रिज येथे जी. आय. टेलर यांनी अतिशय मंद प्रकाशात, सुमारे तीन महिने चाललेल्या छायाचित्रणात, सुईच्या सावलीभोवतीची विवर्तन पट्टी तपासली. प्रकाश मंद झाला म्हणून पट्ट्यांत काहीही फरक पडला नाही.

१९१३ मध्ये आइन्स्टाइन यांना प्रशियन अकादमीचे सदस्यत्व देण्याची शिफारस प्लँक व अन्य तीन शास्त्रज्ञांनी केली. तिच्यात प्रकाशपुंजाच्या कल्पनेचा उल्लेख आहे, तो उमेदवाराची चूक म्हणून. त्यांच्या तर्काने कधी कधी लक्ष्य चुकविले असेल, प्रकाशपुंजाच्या बाबतीत ते घडले असेल, परंतु ते त्यांच्याविरुद्ध फार धरू नये, असा त्या वाक्याचा आशय आहे. ज्या कल्पनेमुळे आइन्स्टाइन यांना पुढे नोबेल मिळाले असे सांगितले जाते, तिच्याकडे त्यांचे सर्वांत मोठे पाठीराखे आठ वर्षांनंतरही क्षमाशील नजरेने पाहत होते.

मोजमापांचे चित्रही या काळात अस्पष्ट होते. १९०७ मध्ये एरिख लाडेनबुर्ग यांनी आपल्या आकड्यांवरून इलेक्ट्रॉनची ऊर्जा कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी अब्राम योफे यांनी दाखविले की तेच आकडे आइन्स्टाइन यांच्या समीकरणालाही तितकेच जुळतात. कंप्रतेचा पल्ला अरुंद आणि चुका मोठ्या असल्यामुळे एकाच बिंदुसमूहातून सरळ रेषाही जाई आणि वक्ररेषाही. १९१२ मध्ये ए. एल. ह्यूज यांनी, तसेच ओवेन रिचर्डसन व कार्ल कॉम्प्टन यांनी मिळविलेली मोजमापे सरळ रेषेकडे अधिक झुकणारी होती. परंतु रिचर्डसन यांनी हेच समीकरण ऊष्मागतिकीच्या आधारे, प्रकाशपुंज न मानता, मांडून दाखविले होते. समीकरण खरे ठरले तरी प्रकाशपुंज मानणे भाग पडत नाही, असे म्हणण्यास ही तर्कशुद्ध जागा होती.

निर्वातातील कारखाना

शिकागो विद्यापीठाच्या रायर्सन प्रयोगशाळेत रॉबर्ट मिलिकन यांनी या प्रश्नावर सुमारे दहा वर्षे घालविली. हे काम इतके लांबले का, हे जाणण्यासाठी धातूच्या पृष्ठभागाचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. हवेचा अथवा गंजाचा पातळ थर चढला की धातूचे कार्यफलन बदलते. काल मोजलेली पट्टी आज ती राहत नाही. लिथियम, सोडियम व पोटॅशियम यांच्यावर दृश्य प्रकाशही काम करतो. त्यामुळे कंप्रतेचा रुंद पल्ला मिळतो, आणि रेष सरळ की वक्र हे ठरविण्यासाठी तोच हवा होता. पण हेच धातू सर्वांत लवकर खराब होतात. मिलिकन यांनी यावर योजलेला उपाय यंत्रशाळेतला होता. धातूंचे ठोकळे निर्वात काचपात्रातील एका चाकावर बसविलेले होते. बाहेरून विद्युत् चुंबकाने फिरविता येणाऱ्या पात्याने ठोकळ्याचा पृष्ठभाग आतल्या आत तासून काढावयाचा, चाक फिरवून ताजा पृष्ठभाग प्रकाशासमोर आणावयाचा आणि मग मोजमाप घ्यावयाचे. या रचनेला त्यांनी स्वतःच निर्वातातील यंत्रशाळा म्हटले आहे. प्रकाश पाऱ्याच्या दिव्याचा होता व त्यातील एकेक रेषा वेगळी करून वापरली जाई. इलेक्ट्रॉन गोळा करणारा संग्राहक ऑक्साइडचा थर चढविलेल्या तांब्याचा होता. वापरलेल्या कंप्रतांना तांब्याचा हा पृष्ठभाग प्रतिसाद देत नसल्यामुळे, परावर्तित प्रकाशाने त्यातूनच उलट प्रवाह सुरू होण्याचा धोका टळला. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत प्रकाशविद्युत घट घेऊन प्लँकचा स्थिरांक काढणाऱ्या विद्यार्थ्याला हा उलट प्रवाह बहुधा भेटतोच. प्रवाह शून्यावर येऊन नेमका थांबण्याऐवजी शून्याखाली घसरतो आणि रोधक विभव नेमका कोठे धरावा, ते कळेनासे होते.

येथे संपर्क विभवाचा मुद्दाही आहे. इलेक्ट्रॉन एका धातूतून निघून दुसऱ्या धातूवर पोहोचतो, आणि परस्परांना जोडलेल्या दोन भिन्न धातूंमध्ये मुळातच काही विभवांतर असते. त्यामुळे आलेखाचा उतार बदलत नाही, पण सबंध रेष सरकते. हिशेब नीट मांडला तर, दुरुस्ती न करता घेतलेल्या आलेखाच्या छेदावरून मिळणारे कार्यफलन उत्सर्जक पृष्ठभागाचे नसून संग्राहकाचे असते, असे निष्पन्न होते. मिलिकन यांनी संपर्क विभव वेगळा मोजून त्यासाठी दुरुस्ती केली होती. पुष्कळ प्रात्यक्षिक पुस्तिका मात्र आजही छेदाला सरसकट उत्सर्जकाचे कार्यफलन म्हणतात.

१९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात रेष सरळ होती. तिच्या उतारावरून प्लँकच्या स्थिरांकाचे मूल्य ६.५७ गुणिले १० चा उणे २७ वा घात अर्ग-सेकंद असे मिळाले. उतारातून थेट मिळते ते प्लँकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार यांचे गुणोत्तर. प्रभाराचे मूल्य मिलिकन यांनी आपल्याच तेलथेंबांच्या प्रयोगातून घेतले होते. २० मे २०१९ पासून प्लँकच्या स्थिरांकाचे मूल्य व्याख्येनेच निश्चित करण्यात आले आहे. त्याच्याशी तुलना करता मिलिकन यांचे मूल्य एका टक्क्याहूनही कमी फरकाने उणे आहे. तेलथेंबांच्या प्रयोगात हवेच्या श्यानतेचे मूल्य किंचित चुकीचे घेतले गेल्यामुळे प्रभार थोडा कमी आला होता, आणि फरकाचा बराचसा वाटा त्या चुकीचा आहे.

एवढे नेटके यश मिळाल्यावर मिलिकन यांनी काय लिहिले, हे मुळातून पाहण्यासारखे आहे. समीकरण निरीक्षणांशी पूर्णपणे जुळते, याबद्दल त्यांनी शंका ठेवली नाही. मात्र ज्या प्रकाशकणाच्या कल्पनेतून ते समीकरण निघाले, तिला त्यांनी धाडसी, किंबहुना बेदरकार ठरविले आणि ती कल्पना आता जवळजवळ सर्वत्र सोडून दिली गेली आहे, असेही नोंदविले. स्वतःला न पटणाऱ्या कल्पनेचे भाकीत खोडून काढण्याची पुरेपूर संधी असतानाही आकडे जसे आले तसे त्यांनी छापले, हा त्यांच्या कामाचा खरा मोठेपणा होय.

पुढे १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मिलिकन यांनी या कामाचे जे वर्णन केले आहे ते वेगळे आहे. आपल्या प्रयोगाने आइन्स्टाइन यांची प्रकाशकणांची उपपत्ती निर्विवाद सिद्ध झाली, असे त्यात ध्वनित होते. १९१६ मधील नकाराचा तेथे मागमूस नाही. पाठ्यपुस्तकांची सुबक हकिगत घडविण्यात प्रत्यक्ष प्रयोगकर्त्याचाही हात होता, असे यावरून म्हणावे लागते.

स्टॉकहोममधील शब्दरचना

१९२१ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक कोणालाच जाहीर झाले नाही; ते पुढील वर्षासाठी राखून ठेवण्यात आले. आइन्स्टाइन यांचे नाव अनेक वर्षे सुचविले जात होते. परंतु समितीचे सदस्य आल्व्हार गुलस्ट्रांड यांचा अहवाल सापेक्षतेला प्रतिकूल होता, आणि प्रकाशविद्युत परिणामाविषयी स्वांते आऱ्हेनियस यांनी दिलेला अहवालही अनुकूल नव्हता. कोंडी फोडली ती उप्साला येथील सैद्धांतिक भौतिकीविद कार्ल व्हिल्हेल्म ओसेन यांनी. त्यांनी आइन्स्टाइन यांचे नाव सुचविले ते प्रकाशविद्युत परिणामाच्या ‘नियमाचा’ शोध लावल्याबद्दल. उपपत्ती वादग्रस्त होती, नियम नव्हता. त्याला मिलिकन यांच्या मोजमापांचा आधार होता. नोव्हेंबर १९२२ मध्ये १९२१ चे पारितोषिक आइन्स्टाइन यांना आणि १९२२ चे नील्स बोर यांना जाहीर झाले. आइन्स्टाइन त्या वेळी जपानच्या प्रवासात होते. त्यांनी आपले नोबेल व्याख्यान जुलै १९२३ मध्ये गोथेनबर्ग येथे दिले, आणि त्याचा विषय निवडला सापेक्षता. बोर यांनी डिसेंबर १९२२ मधील आपल्या व्याख्यानात प्रकाशपुंजाची कल्पना व्यतिकरणाशी विसंगत असून प्रारणाच्या स्वरूपावर ती प्रकाश टाकू शकत नाही, असे मत मांडले. एकाच समारंभात ज्याच्या समीकरणाचा गौरव झाला, त्याच्याच कल्पनेला त्याच व्यासपीठावरून नकार मिळाला. मिलिकन यांना १९२३ चे पारितोषिक मिळाले, त्याच्या मानपत्रातही प्रकाशविद्युत परिणामावरील कामाचा उल्लेख आहे.

कॉम्प्टन, बोर आणि बोस

वारे फिरले ते प्रकाशविद्युत परिणामामुळे नव्हे. सेंट लुईस येथील आर्थर कॉम्प्टन, म्हणजे वर उल्लेखिलेल्या कार्ल कॉम्प्टन यांचे धाकटे बंधू, ग्रॅफाइटवरून विखुरणाऱ्या क्ष-किरणांचा अभ्यास करीत होते. विखुरलेल्या किरणांची तरंगलांबी कोनागणिक वाढते, असे त्यांना आढळले. १९२३ मध्ये त्यांनी या वाढीचा उलगडा केला तो पुंज आणि इलेक्ट्रॉन यांची बिलियर्डच्या चेंडूंसारखी टक्कर मानून. या हिशेबात पुंजाला ऊर्जेबरोबर संवेगही असतो, आणि ऊर्जा व संवेग दोन्ही अक्षय्य राहतात. प्रकाशविद्युत परिणामात संवेगाचा हिशेब उभ्या धातूकडे जातो, म्हणून तो दिसत नाही. येथे तो कोनाकोनाने मोजता येत होता.

तरीही बोर नमले नाहीत. १९२४ च्या आरंभी त्यांनी क्रामर्स व स्लेटर यांच्यासह असे सुचविले की एकेका घटनेत ऊर्जा व संवेग यांची अक्षय्यता पाळली जात नसावी, ती केवळ सरासरीने पाळली जात असावी. प्रकाशपुंज टाळण्यासाठी भौतिकीच्या सर्वांत दृढ नियमावर पाणी सोडण्याची ही तयारी होती. १९२५ मध्ये बर्लिन येथे बोटे व गायगर यांनी विखुरलेला क्ष-किरण आणि उसळलेला इलेक्ट्रॉन एकाच वेळी उमटतात हे दाखविले. त्याच वर्षी कॉम्प्टन व सायमन यांनी दोहोंच्या दिशाही परस्परांशी जुळतात हे दाखविले. बोर यांनी आपला प्रस्ताव मागे घेतला.

या दोन वर्षांच्या दरम्यान, जून १९२४ मध्ये, ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइन यांच्याकडे एक छोटा निबंध पाठविला. प्लँक यांचे प्रारणसूत्र बोस यांनी प्रकाशपुंजांचा वायू कल्पून, त्या पुंजांची मोजदाद नव्या पद्धतीने करून सिद्ध केले होते. अभिजात तरंगसिद्धांताची त्यात उसनवारी नव्हती. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये अनुवादित करून प्रसिद्ध करविला. १९०५ चा युक्तिवाद फक्त उच्च कंप्रतेच्या विरळ प्रारणापुरता मर्यादित होता, ही त्यातील जुनी उणीव बोस यांच्या मोजदादीने भरून निघाली. जगातील बहुसंख्य भौतिकीविद प्रकाशपुंजाकडे साशंकतेने पाहत असताना ढाक्यातील एका अध्यापकाने तो गृहीत धरूनच गणित मांडले, ही गोष्ट भारतीय वर्गांत बोस-आइन्स्टाइन सांख्यिकीच्या प्रकरणात सांगितली जाते. प्रकाशविद्युत परिणामाच्या प्रकरणात ती येत नाही. तिची जागा दोन्ही ठिकाणी आहे. फोटॉन हा शब्द रूढ होण्यास १९२६ नंतर सुरुवात झाली, जी. एन. लुइस यांनी तो त्या वर्षी वेगळ्याच अर्थाने सुचविला होता.

उपकरणांनी मात्र या निवाड्याची वाट पाहिली नाही. प्रकाशविद्युत घट खगोलशास्त्रात ताऱ्यांची दीप्ती मोजण्यासाठी वापरला जात होता, आणि १९२० नंतरच्या दशकात तो चित्रपटगृहांत पोहोचला. फिल्मच्या कडेला छापलेल्या ध्वनिपट्टीतून जाणारा प्रकाश घटावर पडून त्याचा विद्युत् प्रवाह होई आणि त्यातून आवाज उमटे. १९३१ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ ऐकणाऱ्या प्रेक्षकांना सोडियम-पोटॅशियमच्या त्या जुन्या फुग्यांची माहिती असण्याचे कारण नव्हते. सौर घट हा मात्र या घराण्यातला नव्हे. त्यात इलेक्ट्रॉन पदार्थाबाहेर पडत नाही, अर्धवाहकाच्या आतच मुक्त होतो. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत या दोहोंची सरमिसळ नेहमीच आढळते.

नंतरचा पुरावा

परिणाम किती तत्काळ घडतो, याचे मोजमाप १९२८ मध्ये लॉरेन्स व बीम्स यांनी केले. प्रकाश पडल्यापासून इलेक्ट्रॉन सुटेपर्यंत लागणारा वेळ तीन अब्जांश सेकंदापेक्षा कमी निघाला. मंद प्रकाशातील तरंगातून थेंबाथेंबाने ऊर्जा साठवून इलेक्ट्रॉन सुटतो, ही जुनी कल्पना यानंतर टिकली नाही. तथापि १९६९ मध्ये विलिस लॅम्ब व मार्लन स्कली यांनी एक अडचणीची गोष्ट दाखवून दिली. अणू पुंजयामिकीप्रमाणे वागतो असे मानले, पण प्रकाश जुनाच, अखंड तरंग मानला, तरीही आइन्स्टाइन यांचे समीकरण, सीमा कंप्रता आणि तत्काळ उत्सर्जन ही सर्व वैशिष्ट्ये गणितातून निघतात. म्हणजे प्रकाशविद्युत परिणाम एकट्याच्या बळावर प्रकाशपुंज सिद्ध करू शकत नाही. १९१६ मध्ये मिलिकन यांनी समीकरण मान्य करून कल्पना नाकारली, ती भूमिका तर्काच्या दृष्टीने चुकीची नव्हती.

प्रकाशपुंजाचा निर्विवाद प्रायोगिक पुरावा मिळण्यास १९७७ उजाडले. त्या वर्षी किंबल, दाझेने व मॅन्डेल यांनी एका वेळी एकेक अणू प्रकाशित करून दाखविले की एक पुंज उमटल्यानंतर लगेच दुसरा उमटत नाही. तरंगसिद्धांतात याला जागा नाही. १९८६ मध्ये ग्रांजिए, रोजे व आस्पे यांनी एकेक पुंज अर्धपारदर्शक आरशावर सोडला. तो या बाजूला किंवा त्या बाजूला आढळला, दोन्हीकडे एकदम विभागला गेला नाही. या दोन्ही प्रयोगांत पुंज टिपण्यासाठी जी प्रकाशगुणक नलिका वापरली होती, तिच्या ऋणाग्रावर प्रकाश पडला की धातुलेपातून इलेक्ट्रॉन सुटतो, आणि तो मोजला जातो.